युनोमाताचं खारट पाणी

१४ जानेवारी १९८३

दुपारच्या बसने ती बाई आमच्या युनोमाता गावात आली. गावकचेरीची चिठ्ठी महिन्यापूर्वीच आली होती. डोंगरातल्या जुन्या सोन्याच्या खाणीची नव्याने पाहणी व्हायची आहे, पाहणीवाल्याची सोय माझ्या माडीवर करावी, असं तिच्यात होतं. मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ती दुसऱ्या कुणाकडे उतरली असती, आणि मला काहीच कळलं नसतं. वैरी निदान जेवताना समोर बसलेला बरा.

पुरुष येईल असं वाटलं होतं. आली एक तिशीची मुलगी. नाव मियोशी रित्सुको. केस पोरासारखे कापलेले, पायात चिखलाचे बूट. तिची पिशवी उचलायला गेले तर हात खांद्यातून निखळतो की काय असं झालं.

"अगं, दगड भरलेत की काय?"

"हो मावशी, दगडच आहेत," म्हणाली, आणि हसली.

मी हसले नाही. त्या खाणीच्या गारगोटीची धूळ छातीत बसून आमचे हे सत्तेचाळिसाव्या वर्षी गेले. खाण बंद पडली तेव्हा मी डोंगराकडे तोंड करून दोन वेळा टाळ्या वाजवल्या होत्या, देवाला नमस्कार करताना वाजवतात तशा. आता पुन्हा ती उघडायला निघालेत.

माझ्या न्हाणीघराला पाणी देणाऱ्या गरम कुंडाचं पाणी आज ५९ अंश. गेल्या शरदात ६२ होतं. कुंडाच्या कडेवरची पाण्याची रेघही दोन बोटं खाली गेली आहे. खाणीचे लोक यायच्या आत असं काही लक्षण दिसणं बरं नव्हे, पण दिसतंय.

१७ जानेवारी

पहाट झाली की मी कुंडावर जाते, पन्हळीतली पांढरी खपली खरवडते, तापमान वहीत लिहिते आणि बोट बुडवून पाण्याची चव घेते. सासूने शिकवलेलं काम आहे. आमच्या कुंडाचं पाणी खारट, जिभेच्या टोकाला थोडं कडवट. आज खारटपणा कमी वाटला. पन्हळीत खपलीही कमीच निघाली.

मागे वळले तर मियोशी उभी. हातात काचेच्या बाटल्या.

"मावशी, थोडं पाणी घेऊ? मीठ किती आहे ते बघायचंय."

"कशाला?"

"पाणी कुठून येतं ते मिठावरून कळतं. खोलवरचं पाणी खारट असतं. नुसती वाफ वर आली तर पाणी आंबट होतं."

मी चव कमी झाल्याचं तिला सांगितलं नाही. तिला फुकट का सांगू? बाटल्या भरू दिल्या, पण प्रत्येक बाटली मोजून. सहा.

सकाळी उचिमुराआजोबा अंघोळीला आले. ऐंशी वर्षांचे आहेत, पूर्वी खाणीत होते, रोज पुरुषांच्या हौदात मागच्या भिंतीला पाठ लावून तासभर बसतात. तिला पाहून हौदातूनच ओरडले, "खाणीवर बाई आली की डोंगराची देवी रुसते म्हणतात!"

"मग काय करायचं आजोबा?" ती बाहेरून.

"काही नको. चाळीस वर्षं माझी बायको रुसलेली आहे, मेलो का मी?"

ती पोट धरून हसली. म्हाताऱ्याला दोन दिवसांत खिशात घातलं. अशा माणसांपासून जपून राहावं.

२१ जानेवारी

होकाझोनो-सान येऊन गेले. कुंड मंडळाचे अध्यक्ष, आणि आमच्या ह्यांचे लहानपणापासूनचे मित्र. ह्यांच्या शवपेटीला पुढून खांदा त्यांनीच दिला होता. येताना पांढऱ्या वड्यांचा खोका घेऊन आले, सुरणाच्या, वाफवलेल्या, मला आवडतात त्या. पुलाखाली त्यांचं नवं हॉटेल होतंय, त्याच्या गडबडीतही माणूस विसरत नाही.

मी पाण्याचं सांगितलं. ५८ झालं, चव पडली.

त्यांनी डोळे मिटले. "वाटलंच मला. तोमेवहिनी, ही खाणवाली मंडळी आली की पाणी जातं. वहीत काय लिहिलंत?"

"आहे तेच. ५८."

"तेवढं नका लिहू. आकडा पडलेला दिसला की कंपनी म्हणेल, झरा मेलाच आहे, आता खणा बेलाशक. ६२ लिहा. शरदापासूनचे पडलेले आकडेही नीट करून घ्या. वही माझ्याकडे द्या, मंडळाच्या बैठकीत दाखवतो."

मी बसून सगळे आकडे ६२ केले. खोडायच्या जागी पान नवं लावलं. खरे आकडे या माझ्या रोजनिशीत आहेत, ते कुणाला दिसत नाहीत. हात जरा जड झाला, पण गावासाठी आहे.

२९ जानेवारी

होकाझोनो-सानच्या हॉटेलचं उद्घाटन. गावातल्या बायकांना आधी अंघोळीचा मान. काय सुंदर हौद! काळा दगड, काचेतून नदी दिसते. पाण्यात उतरले आणि सवयीने बोट जिभेला लावलं. खारट, टोकाला थोडं कडवट. अगदी आमच्या कुंडासारखं, पूर्वीच्या कुंडासारखं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "होकाझोनो-सान, हे पाणी तर..."

"मीठ, वहिनी!" ते हसले. "साध्या विहिरीचं पाणी, बॉयलरवर तापवतो आणि गोणीभर मीठ टाकतो. शहरातल्या गिऱ्हाइकांना काय कळतंय."

काय डोकं आहे माणसाचं. शरदात बागेत विहीर पाडत होते तेव्हा तीन आठवडे त्या यंत्राच्या आवाजाने माझं डोकं उठलं होतं. कोइ माशांच्या तळ्यासाठी थंड पाणी हवं म्हणाले होते, तेच अंघोळीलाही कामाला आलं.

एक मात्र त्यांना सांगायला हवं. नळ अजून महिन्याचेही नाहीत आणि तोंडाशी पांढरी खपली धरली आहे. मीठ जास्त पडत असणार.

३ फेब्रुवारी

वाईट वागले का मी? आज मियोशीच्या मागोमाग डोंगर चढले. कुठे जाते, काय करते, ते डोळ्यांनी पाहायचं होतं. खाणीच्या जुन्या तोंडाजवळ ती एकटीच दगडावर बसून भाताचे गोळे खात होती. मला पाहून जराही दचकली नाही, बाजूला सरकून जागा केली. माझ्याच स्वयंपाकघरातला मुळ्याच्या लोणच्याचा तुकडा मला पुढे केला.

मग हातोडीने खडकाचा एक ढलपा काढून दिला. काळ्या दगडाचे तुकडे तुकडे, मधून पांढरी गारगोटी, जशी फुटलेली वाटी कुणी पिठाच्या खळीने जोडावी.

"हा डोंगर पूर्वी तुमच्या कुंडासारखा होता मावशी," ती म्हणाली. "आठ-दहा लाख वर्षांपूर्वी. गरम पाणी भेगांतून वर यायचं, गार होताना गारगोटी सोडायचं. पन्हळीत तुम्ही खरवडता ना, तेच. खपली धरत धरत भेग बुजायची. खाली वाफ कोंडायची. मग एक दिवस धडाम! सगळा खडक फुटायचा, पाणी उसळायचं आणि त्या उसळीत सोनं खाली बसायचं. पुन्हा बुजायचं, पुन्हा फुटायचं. या एका दगडात मी सात वेळा मोजलंय."

"आणि मग?"

"मग खालची आग विझली. पाणी मेलं. सोनं राहिलं."

"म्हणजे तुम्हाला आमचं पाणी मेलेलं हवंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही हो. जिवंत पाण्याजवळ कोण खणणार? खाणीत गरम पाणी शिरलं तर माणसं शिजतील. मी तुमच्या कुंडावर येते ते मेलेला डोंगर समजायला. जिवंत माणूस पाहिल्याशिवाय हाडं कळत नाहीत."

गोड बोलते. उतरताना निसरड्यावर माझा हात धरला. मी सोडवून घेतला. तिची आई लहानपणीच गेली, असं मध्येच सांगितलं तिनं. ते मला का सांगितलं असेल? दया यावी म्हणून. आली नाही. ढलपा मात्र खिशात राहिला, तो टाकायला विसरले.

पाणी ५५.

९ फेब्रुवारी

मियोशीने कुंडाची वही मागितली, मंडळाकडून परत आणून ठेवलेली. मी दिली. अर्धा तास पानं उलटत होती.

"६२, ६२, ६२... मावशी, मला रोज कमीच मिळतंय, आज ५५."

"तुझं यंत्र चुकत असेल."

"असेल," ती म्हणाली. चेहरा उतरला. "पन्हळीत हवा लागते, त्याने फरक पडत असेल. तुम्ही किती वर्षं लिहिताय?"

"तीस."

"मग तुमचंच खरं."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. रात्रीच्या जेवणात मी तिला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा वाढला, का कुणास ठाऊक.

१२ फेब्रुवारी

आज बिंग फुटलं!

न्हाणीघराच्या मागे, पुरुषांच्या हौदाच्या भिंतीपलीकडे, बांबूचं बेट पिवळं पडलंय ते मीही पाहिलं होतं. थंडीने असेल असं धरलं होतं. मियोशीने तिथे जमिनीत लांब तापमापक खुपसला. ९३. जमीन, पाणी नव्हे! मग ती स्वयंपाकघरात आली, बूटसुद्धा न काढता.

"मावशी, कुंड काही दिवस बंद ठेवा. मी सगळं तपासेपर्यंत."

"का?"

"मला नीट माहीत नाही. खालच्या पाण्याची पातळी उतरतेय असं वाटतं. पातळी उतरली की वरचा दाब जातो, पाणी खोलवर उकळायला लागतं, वाफ वर चढते. मीठ कमी, आंबटपणा जास्त, जमीन तापलेली, सगळं तसंच दिसतंय. पण तुमचा आकडा ६२ आहे, तो यात बसत नाही. मी गावकचेरीला कळवलं. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, बाईंचं पाणी तर ठणठणीत आहे."

"तर मग?"

"तर मग मलाच काही कळत नाहीये. पण भीती वाटते."

मी सरळ विचारलं, "कुंड बंद झालं की इथे यंत्र बसवायचं आहे ना तुम्हाला?"

"मावशी!"

"मावशी मावशी करू नकोस. तुझ्यासारख्यांनी एकदा माझं घर धुळीला मिळवलंय. कुंड दोनशे वर्षांत एक दिवस बंद राहिलेलं नाही."

ती मग बुटांचा चिखल पुसायला फडकं शोधू लागली. मी फडकं दिलं नाही.

१४ फेब्रुवारी

होकाझोनो-सानना सगळं सांगितलं. ते फार गंभीर झाले. बंद ठेवा म्हणाली हे ऐकून तर दोनदा विचारलं, "आणखी कुणाला सांगितलंय तिनं? पातळी उतरते म्हणाली? कुठून उतरते ते म्हणाली का?"

"नाही."

"बरं." मग त्यांनी मजकूर सांगितला, मी लिहिला: सदर पाहणीवाली अंघोळीला येणाऱ्यांना घाबरवते, तिची सोय माझ्याकडे ठेवणं शक्य नाही, मंडळाने तिला कुंडाच्या आवारात येण्यास मनाई करावी. खाली माझं नाव आणि शिक्का.

किती काळजी आहे त्यांना कुंडाची. विचारताना कपाळाला घाम होता.

१७ फेब्रुवारी

मियोशी गेली. बसथांब्यावर मी गेले नाही, पण ती जाण्याआधी माडीवरून खाली आली, खोली झाडून, गादी घडी करून. लांब तापमापक ओट्यावर ठेवला, खाली एका कागदावर फोन नंबर. शेजारच्या शहरात राहणार आहे, पाहणी तिकडून पुरी करणार.

"तुम्ही रागावलात तर रागवा," म्हणाली. "पण उचिमुराआजोबांना मागच्या भिंतीशी बसू देऊ नका. दुसऱ्या बाजूला बसवा. एवढंच ऐका."

"ते ऐंशी वर्षांचे आहेत. मी कोण त्यांना बसवणारी?"

ती गेल्यावर घर मोठं वाटलं. बरं झालं.

पाणी ५१.

२२ फेब्रुवारी

काहीच बरं होत नाहीये. ती गेली, कुंडाला कुणी हात लावत नाही, तरी पाणी ४९ आणि रेघ एक वीत खाली. रंग तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखा. चव घेतली तर जीभ आक्रसली, कच्च्या आलुबुखारासारखी आंबट. उचिमुराआजोबा म्हणाले, "तोमे, डोळे चुरचुरतायत. कांदे कापतेस का हौदात?"

बसच्या ड्रायव्हरने आज एक सांगितलं. खाणकंपनीचं भोक पाडायचं यंत्र अजून स्टेशनच्या आवारातच ताडपत्रीखाली आहे. एप्रिलशिवाय हलायचं नाही. म्हणजे डोंगरात अजून कुणी एक वीतभरसुद्धा खणलेलं नाही.

मग पाणी कुणी पळवलं?

दिवसभर एकेकाला मनात उभं करून पाहिलं. वरच्या वस्तीतला भाताच्या खाचरांवाला. दारूच्या भट्टीवाला. शेवटी उचिमुराआजोबांवरही संशय घेऊन झाला, त्यांच्याकडे बादल्या फार आहेत म्हणून. मला काय झालंय?

२५ फेब्रुवारी, सकाळ

आजोबा अंघोळीला आले तेव्हा बाकावर बूट काढता काढता म्हणाले, "माझी सून होकाझोनोच्या हॉटेलात स्वयंपाकाला आहे ना. परवा लोणचं घालायचं होतं, मिठाची गोणी मागितली तर तो म्हणाला, मीठ कशाला, आणलंच नाही."

"आणलंच नाही कसं? हौदात गोणीभर टाकतात."

"हौदात? मीठ?" आजोबा हसले. "तोमे, त्या घरात आजवर मिठाची एक गोणी आलेली नाही. सुनेने माझ्याच घरून डबाभर नेलं."

ते आत गेले. मी बाकावर बसूनच राहिले. मग टोपलं तिथेच टाकून पुलाखाली उतरले. हॉटेलच्या मागे, बागेत, सगळीकडे दहिवर पडून गवत पांढरं झालेलं. फक्त विहिरीच्या खोपटापासून हॉटेलच्या भिंतीपर्यंत एक सरळ हिरवी पट्टी. दहिवराचा एक कणही नाही. मी तिच्यावर हात ठेवला. जमीन कोमट होती. खोपटाला कुलूप. आत पंप घरघरत होता. कुलपाशेजारी नळाला गळती होती, तिथलं थेंबभर बोटावर घेतलं.

काय लिहू. तीस वर्षं रोज त्याची चव घेतली आहे.

आता टपालकचेरीत जाते. तिथे फोन आहे.

४ मार्च

डावा हात आणि दोन्ही पोटऱ्या बांधलेल्या आहेत. उजवा हात चांगला आहे. डॉक्टर म्हणतात थोडं थोडं लिहा.

त्या दिवशी टपालकचेरीतून मियोशीला फोन लावला. ही रोजनिशी काखेत होती. तिनं उचललं तेव्हा मला आधी माफी मागायची होती, पण बोटाखाली रोजनिशीचं पान होतं. म्हणून वाचायलाच लागले. १४ जानेवारी ५९. २१ जानेवारी ५८. ३ फेब्रुवारी ५५. १७ ला ५१. २२ ला ४९, चव आंबट. शरदात ६२ होतं तेही सांगितलं. वही खोटी आहे, मीच केली, असं सांगितलं. पुलाखालच्या विहिरीचं सांगितलं.

पलीकडे फक्त पेन्सिलीची खरखर.

"मियोशी?"

"मी माझंच गणित चुकतंय असं धरलं होतं," ती म्हणाली. "तीन आठवड्यांचं माझं यंत्र आणि तीस वर्षांची तुमची वही. मी वहीवर विश्वास ठेवला." मग आवाज एकदम बदलला. "आज जमीन कशी आहे? मागची?"

"सकाळी पाहिली नाही. पन्हळीचं पाणी मात्र थांबलं होतं. गुळगुळ आवाज येत होता."

"आत कोण आहे?"

"उचिमुरा."

"मावशी, फोन ठेवा. त्यांना बाहेर काढा. कपडे शोधू नका."

मी एकसष्ट वर्षांची आहे. टपालकचेरीपासून कुंडापर्यंत चढ आहे. कशी गेले ते आठवत नाही. पुरुषांच्या बाजूचा पडदा बाजूला केला तर आजोबा नेहमीच्या जागी, मागच्या भिंतीला पाठ लावून, डोक्यावर पंचा.

"अगं अगं, मी उघडा आहे!"

"उठा!"

"तोमे, वय झालं तरी लाज असते गं..."

मी हौदात उतरून त्यांना काखेत धरलं आणि ओढलं. ते शिव्या देत होते, मी त्यांच्याहून घाणेरड्या देत होते. दाराच्या पायऱ्या उतरलो आणि न्हाणीघराच्या पुढच्या रस्त्यावर आलो. आधी काहीच ऐकू आलं नाही. जमीन पायाखाली एकदाच हलली, बैल अंग झटकतो तशी. मग मागून आवाज. मग पाऊस. चिखलाचा आणि दगडांचा, कढत. मी आजोबांच्या अंगावर पडले.

न्हाणीघराची मागची बाजू उरली नाही. हौद होता तिथे खड्डा आहे म्हणतात, आणि त्यातून वाफ. आजोबांच्या गुडघ्याला खरचटलंय. गावभर सांगत फिरतायत की तोमेने मला नागवं रस्त्यावर आणलं.

७ मार्च

होकाझोनो-सान दवाखान्यात आले. फुलं आणि फळांची टोपली. बसले, उठले, पुन्हा बसले. चेहरा दहा वर्षांनी म्हातारा.

"वहिनी, खरं सांगतो, असं होईल हे मला ठाऊक नव्हतं. सत्तर हात खाली गरम लागलं. गावाला नाव मिळेल असं वाटलं. कुंडाला एवढा धक्का बसेल असं..."

"पाणी पडतंय हे मी तुम्हाला जानेवारीत सांगितलं होतं."

"हो."

"तेव्हा पंप बंद करता आला असता."

ते मग हळूच म्हणाले, "आज दुपारी जिल्ह्याचे अधिकारी येतील. तुम्ही एवढंच सांगा की वहीतला आकडा तुम्हीच... म्हणजे नजरचुकीने. माझं नाव त्यात नको. मी तुमच्या कांजीला खांदा दिलाय, वहिनी."

"दिलात," मी म्हटलं. "आणि त्या खांद्यावर मी एकोणीस वर्षं बसून राहिले. आता उतरते."

फळं परत पाठवली. एक मोसंबं मात्र खाल्लं होतं, ते परत देता येईना.

अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. माझाही भाग सांगितला: आकडे मी बदलले, तक्रारअर्जावर सही माझी. त्यांच्यातला एक तरुण लेखणी थांबवून म्हणाला, "हे सांगितलंच पाहिजे असं नाही, आजी." मी म्हटलं, "लिहा."

१२ मार्च

पंप सील केला म्हणून कळलं. मंडळाचं काय करायचं ते एप्रिलमध्ये ठरेल. बायका भेटायला येतात, खुर्ची ओढून बसतात आणि होकाझोनो-सानना आधीपासूनच ओळखून होतो म्हणतात. मी तेवढी ओळखून नव्हते. प्रत्येकाकडे डोळे वटारून पाहिलं, एकट्या त्यांच्याकडे पाहताना डोळे मिटले होते.

मियोशीचं पत्र नाही. तिच्या नावावर माझ्या सहीचा तक्रारअर्ज आहे. कंपनीने तिला जाब विचारला असं बसचा ड्रायव्हर म्हणतो. काय विचारलं, ते तो सांगू शकला नाही.

१९ मार्च

ती आली. सकाळच्या बसने. येते असा तिचा निरोप दवाखान्यात मिळाला होता, म्हणून मी बसथांब्यावर गेले, काठी टेकत.

बोलायचं काय ते दहा दिवस पाठ केलं होतं. बस थांबली, ती उतरली, माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुखतंय?"

"नाही," मी खोटं बोलले. मग म्हटलं, "तुझ्याविरुद्ध अर्ज मी लिहिला. माफ कर."

 "मला पाहणीवरून काढलंय," म्हणाली. "ऑगस्टपर्यंत तरी. त्यानंतर काय, माहीत नाही." आवाजात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. जे होतं ते तिनं सांगितलं. मग पुढे चालायला लागली, पण माझ्या काठीच्या चालीने.

खड्डा मी पहिल्यांदाच पाहत होते. हौदाच्या दुप्पट मोठा, तळाशी करडा चिखल रटरटतोय. कडेला विखुरलेले दगड. त्यातला एक तिनं उचलला, उलटा सुलटा केला, पिशवीत टाकला. मग खांद्याची पिशवी खाली ठेवून गुडघ्यावर कागद घेतला.

"मावशी, हे कुणाच्या तरी नावे नोंदवून ठेवायला हवं. पुन्हा कुठे असं होऊ लागलं तर लोकांना कळेल. मी विचारते, तुम्ही सांगा. जमेल?"

"जमेल."

"आधी काय झालं? आवाज की हादरा?"

"हादरा. एकच. आवाज नंतर."

"किती वेळाने?"

मी डोळे मिटले. आजोबांच्या शिव्या मोजल्या. "दोन शिव्या होतील एवढा."

ती आज पहिल्यांदा हसली, आणि लगेच हसू आवरलं. असं तासभर. पाणी थांबलं कधी, गुळगुळ किती वेळ, बांबू पिवळे पडायला लागले त्याची तारीख, वाफेचा वास. जे आठवत नव्हतं तिथे मी आठवत नाही म्हटलं. तिनं तेही लिहिलं.

शेवटी म्हणाली, "पाहणाऱ्याचं पूर्ण नाव?"

"मियोशी रित्सुको लिही."

"मी नव्हते इथे. तुम्ही होता."

"साकोदा तोमे."

"वय?"

"एकसष्ट."

"काम?"

काय सांगणार? कुंड नाही, हौद नाही, पन्हळ नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, खड्ड्याकडे पाहिलं, आणि त्या जागी आपणच काहीतरी लिहिलं, चार-पाच अक्षरं. मी तिच्या शेजारीच बसले होते. मान जराशी वाकवली असती तर वाचता आलं असतं.

नाही वाकवली. तिच्या बाटल्या मोजायचं मी सोडलंय.